ड्युएट की हामोरी? कराओकेत जपानी गाणं निवडण्याआधी

टोकियोत नोकरीला लागलो त्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरातली ऑफिसची पार्टी आटोपल्यावर आमची वरात कराओकेला गेली. जपानी कराओकेच्या खोलीत माईक दोन असतात. त्यातला दुसरा माझ्या हातात देत आमच्या सेनपाई, म्हणजे वरिष्ठ सहकारी, बाईंनी विचारलं, "हामोरू?" मी जोरात मान हलवली आणि 'गिन्झा नो कोइ नो मोनोगातारी' लावलं, कारण दोघांनी गायचं तेवढं एकच जपानी गाणं मला येत होतं. बाई हसल्या, मनापासून गायल्या, टाळ्याही पडल्या. माईक खाली ठेवताना म्हणाल्या, "हा ड्युएट झाला. हामोरी राहिलीच की."

दोन्हीत माणसं दोन, माईक दोन, गाणं एक. मग फरक कुठे?

ड्युएटमध्ये शब्दांची वाटणी असते. 1961 सालचं हे गिन्झाचं गाणं इशिहारा युजिरो आणि माकिमुरा जुन्को यांनी गायलेलं. त्यात एक ओळ तिची, पुढची त्याची, आणि मग शेवट दोघांनी मिळून. पडद्यावर कुणी कुठे गायचं ते दिसतं, तेव्हा वाचता येणाऱ्याला फारशी चिंता नाही. चूक झालीच तर एवढीच होते की तिची ओळ तुम्ही गाऊन टाकता.

हामोरीत वाटणी सुरांची असते. तोच शब्द, तोच क्षण, पण एकाचा सूर मूळ चालीवर आणि दुसऱ्याचा तिच्या थोडा वर किंवा खाली. 'हार्मनी'तल्या 'हामो'ला जपानी क्रियापदाचा 'रु' जोडून 'हामोरु' झालं, आपण 'गुगलणे' करतो तसंच. वरचा सूर धरला तर 'उए-हामो', खालचा धरला तर 'शिता-हामो'. यातलं काहीच पडद्यावर लिहिलेलं नसतं. ते कानात असावं लागतं.

मराठी कानाची गफलत इथेच होते. युगलगीत म्हटलं की आपल्या डोक्यात सवाल-जवाब येतो. तो म्हणतो, ती उत्तर देते, आणि ध्रुवपदाला दोघं एकत्र आले तरी चाल एकच, फार तर एक सप्तक खाली-वर. आपलं संगीत एका सुरावटीवर उभं आहे, त्यामुळे शेजारचा वेगळा सूर लावू लागला की आपल्याला तो बेसूर झाल्यासारखा वाटतो. याला अपवाद गोव्याचा. मांडो हा तिथला पारंपरिक गीतप्रकार पिढ्यान् पिढ्या दोन सुरांत गायला जातो, आणि चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेला गोंयकार पहिल्याच झटक्यात हामोरी लावून मोकळा होतो. जपान्यांना ही सवय शाळेत लागते. तिथे वर्गावर्गांच्या समूहगायन स्पर्धा असतात आणि तेरा-चौदा वर्षांची मुलं सोप्रानो (मुलींचा वरचा आवाज), आल्टो (मुलींचा खालचा आवाज) आणि मुलगे अशा गटांत विभागून आपापली ओळ घोटतात. म्हणून ऑफिसातला अगदी अबोल हिशेबनीसही सहज खालचा सूर धरतो आणि आपण बघत राहतो.

आता सुरांचं गणित. मूळ चाल 'सा रे ग' असेल तर वरची हामोरी साधारणपणे 'ग म प' होते, म्हणजे प्रत्येक सुरापासून मोजलेला तिसरा सूर. इथे एक सापळा आहे आणि मी त्यात महिनाभर अडकलो होतो. मला वाटायचं, तीच चाल चार अर्धस्वर (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर) वरच्या पट्टीत गायली की झालं. तसं केलं तर सा वर ग बरोबर येतो, पण रे वर तीव्र म आणि ग वर कोमल ध लागतो, आणि खोलीतले सगळे तुमच्याकडे वळून बघतात. हामोरी म्हणजे पट्टी बदलणं नव्हे. गाण्याच्या स्वरांतच राहायचं, त्यामुळे अंतर कुठे चार अर्धस्वरांचं तर कुठे तीनचं. मधेच कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे सूर, बदलला की तिसरा सूर खटकतो आणि चौथा घ्यावा लागतो. ते मूळ रेकॉर्डिंग ऐकूनच कळतं.

गाणं निवडताना या फरकाने सगळं उलटंपालटं होतं. ड्युएटसाठी शब्द पाहायचे: भूमिका दोन आहेत का, नोकझोक आहे का, दोघांच्या वाट्याला सारखं येतंय का. हामोरीसाठी शब्दांकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. चाल पायरी-पायरीने चढते-उतरते की उड्या मारते? 'साबी'त, म्हणजे ध्रुवपदात, लांबवलेले सूर आहेत का? दोन सूर एकमेकांवर टेकायला वेळ लागतो. घाईघाईने शब्द ओकणाऱ्या हल्लीच्या गाण्यांत तो मिळत नाही. म्हणूनच एकट्याने गायलेलं संथ गाणं हामोरीला पुष्कळदा उत्तम असतं, आणि ड्युएटच्या यादीतली कित्येक गाणी कुचकामी.

दुसरी गफलत गर्दीची. आयडॉल गटात, म्हणजे नाचत-गाणाऱ्या तरुण मुलींच्या लोकप्रिय पॉप गटात, दहा-वीस मुली गातात म्हणून तिथे हामोरी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्या बहुतेक वेळ एकाच सुरात गात असतात. हामोरी शोधायचीच तर जोड्यांकडे जावं. द पीनट्स या जुळ्या बहिणींचं 1963 चं 'कोइ नो बाकान्सु' दोन बायकांना मस्त जमतं. योकोहामाच्या रस्त्यावर गात मोठी झालेली युझु ही जोडी तर ओळीही वाटून घेते आणि सूरही, म्हणजे ड्युएट आणि हामोरी एकाच ताटात. पण त्यातल्या इवासावाचा आवाज इतका उंच की 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकसाठी एनएचके या जपानी प्रसारण संस्थेने वापरलेलं त्यांचं 'एइको नो काकेहाशी' मूळ पट्टीत लावणं म्हणजे सामान्य पुरुषाने आपल्या गळ्याशी वैर धरणं. रिमोटवर 'की', म्हणजे पट्टी, तीन-चार पायऱ्या खाली आणा. एक पायरी म्हणजे एक अर्धस्वर.

स्त्री-पुरुष जोडीची अडचण निराळी. ड्युएट मुळातच दोन गळ्यांसाठी बांधलेला असतो, हामोरीत ती सोय तुम्हालाच करावी लागते. बाईने मूळ चाल धरली तर पुरुषाला वरचा तिसरा सूर झेपत नाही, आणि खालचा तिसराही बऱ्याचदा उंचच पडतो. तोडगा साधा आहे. वरचा तिसरा सूर घ्या आणि एक सप्तक खाली उतरवा. तिचा मध्य सा, तर तुमचा मंद्रातला ग. हे अंतर सहाव्या सुराचं होतं, कानाला गोड लागतं आणि पुरुषाच्या गळ्याला बसतं. मला सेनपाई बाईंनी शिकवलेली ही एकच युक्ती, पण अजून पुरून उरली आहे.

मशीनबद्दल थोडंसं. गुणांकन बंद ठेवा. ते मूळ चालीशीच ताडून पाहतं, त्यामुळे हामोरी जितकी चांगली तितके गुण कमी, असला उफराटा न्याय मिळतो. मूळ चाल वाजवणारा गाइडचा आवाज बारीक करा. हामोरीचा माईक मूळ चालीच्या माईकपेक्षा हळू ठेवा.

हे दोन प्रकार वाढले वेगवेगळ्या जागी. ड्युएट बारमधला. तिथे गिऱ्हाईक आणि बारवाली मिळून अनोळखी लोकांसमोर गायचे, म्हणून पहिल्याच फटक्यात जमेल असं गाणं हवं. हामोरीला बंद खोली मानवते, जिथे त्याच चार ओळी सात वेळा चुकता येतात. अशा खोल्या, म्हणजे कराओके बॉक्स, सुरू झाल्या 1985 च्या सुमारास ओकायामात, ट्रकच्या जुन्या कंटेनरमध्ये. पुणेकरांना हे नाव ओळखीचं असेल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. तिथल्या तळ्यातले मासे पाहताना मला आता बागेआधी तो कंटेनर आठवतो.

पुढच्या पार्टीला आम्ही 1971 चं 'आनो सुबाराशी आइ ओ मो इचिदो' घेतलं. जपानी माणसाला ते शाळेपासून पाठ असतं. पहिल्या दोन ओळी मी मंद्रातले सूर धरून ठेवले. तिसरीला बाईंचा आवाज चढला आणि मी नकळत त्यांच्याच चालीवर जाऊन बसलो. याला जपानीत 'त्सुरारेरु' म्हणतात. गळाला मासा लागतो त्याच शब्दाचं हे रूप. बाईंनी गाता गाताच कोपराने ढोसलं, आणि उरलेलं गाणं मी एका कानात बोट घालून गायलो.