पिंग (ऑनलाइन खेळांतील)

पिंग : खेळाडूच्या यंत्रातून निघालेला संदेश खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन त्याचे उत्तर परत येईपर्यंत लागणारा वेळ. तो मिलीसेकंदांत मोजतात. खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात २८, ६४, १९० असा जो आकडा हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांत दिसतो, तो हाच. ‘विलंबकाल’ हा त्याला चपखल मराठी शब्द, पण खेळणाऱ्यांच्या तोंडी तो नाही. शब्दाचे लिंगही अजून ठरलेले नाही. इंदूरच्या मराठी घरांत ‘पिंग वाढला’ आणि ‘पिंग वाढलं’ दोन्ही चालतात आणि हिंदीच्या शेजारामुळे ‘लॅग मारतोय’ हा प्रयोगही रुळला आहे. या नोंदीत पिंग पुल्लिंगी धरला आहे.

पिंग आणि इंटरनेटचा ‘स्पीड’ यांची गल्लत नेहमी होते. इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे ७० किमी. दूर असलेल्या जलूदहून येते. नळ जाड केला तर बादली लवकर भरेल, पण जलूद जवळ येणार नाही. स्पीड म्हणजे नळाची जाडी, पिंग म्हणजे अंतर. १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून ३०० चा घेतला आणि पिंग होता तिथेच राहिला, ही तक्रार याच गल्लतीतून येते.

व्युत्पत्ती : शब्दाच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. काम साधारण हजार ओळींचे आणि एका संध्याकाळचे. जाळ्यावरील दुसरे यंत्र जागे आहे की नाही, हे त्याला हाक मारून पाहायचे, एवढाच त्याचा उद्देश. हाकेची व्यवस्था त्याआधीच झालेली होती. सप्टेंबर १९८१ च्या आयसीएमपी या नियमावलीत ‘प्रतिध्वनी-विनंती’ आणि ‘प्रतिध्वनी-उत्तर’ असे दोन संदेश नेमून दिले होते. ते वेळ मोजायला वापरता येतात हे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी आपल्या ‘फझबॉल’ यंत्रांवर दाखवले होते. जुलै १९८३ मध्ये नॉर्वेतील एका बैठकीत मिल्स यांनी त्याविषयी सांगितले, त्यावरून आपल्याला कल्पना सुचली, असे मूस यांनी स्वतः नमूद केले आहे.

पहिले मत असे की, पाणबुडीचा माग काढणाऱ्या सोनार यंत्रातून निघणाऱ्या आवाजावरून हे नाव पडले. दुसरे मत पिंग हे ‘पॅकेट इंटरनेट ग्रोपर’ या शब्दसमूहाचे आद्याक्षररूप असल्याचे सांगते. हा विस्तार मिल्स यांच्या नावावर सांगितला जातो आणि तो बऱ्याच पाठ्यपुस्तकांत व स्पर्धापरीक्षांच्या पुस्तिकांत पूर्ण रूप म्हणून छापलेला आढळतो. मूस यांचा खुलासा मात्र स्पष्ट आहे. महाविद्यालयात असताना सोनार व रडार यांच्या प्रतिकृतींवर काम केले होते, नाव तिथून घेतले. मिल्स यांचा विस्तार आपल्या कानावर आला आहे, तेव्हा कदाचित दोघेही बरोबर असू, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. नाव ठेवणाराच सांगतो म्हटल्यावर सोनारचे मत ग्राह्य धरणे बरे. विस्तार मागाहून बसवलेला दिसतो.

प्रोग्रॅमचे नाव वेळेच्या मापाला कधी चिकटले, हे एका तारखेत सांगता येत नाही. इंटरनेटवर खेळताना येणाऱ्या अडखळीला आधी ‘लॅग’च म्हणत. १९९६ च्या ‘क्वेक’ या खेळात सर्व्हर मध्यवर्ती होता आणि प्रत्येक खेळाडूचा पिंग पाहता येई, त्यामुळे अर्थाचा हा विस्तार साधारण त्या सुमारास धरणे सयुक्तिक ठरेल. डायल-अपवर (टेलिफोनच्या तारेवरील इंटरनेटवर) २००–३०० चा पिंग असलेले खेळाडू महाविद्यालयीन जाळ्यावरून खेळणाऱ्या कमी पिंगवाल्यांना शेलक्या शिव्या घालत, त्याही याच काळातल्या.

घटक : प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जातो, म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. इंदूर–मुंबई सरळ रेषेत सुमारे ५०० किमी. जाऊन-येऊन १,००० किमी. होतात आणि त्याला ५ मिलीसेकंद लागतात. सर्व्हर मुंबईत असेल तर इंदूरला याहून कमी पिंग कोणतीही कंपनी देऊ शकत नाही. तंतू रस्त्याच्या व रुळांच्या कडेने वळणे घेत जातो, वाटेत राउटर लागतात, म्हणून तारेने जोडलेल्या घरात १५ ते ३० दिसणे साधारण होय. सेवादात्याची वाट दिल्लीमार्गे असेल तर इंदूर–दिल्ली–मुंबई हे अंतर सुमारे १,८०० किमी. भरते आणि नुसत्या प्रवासाचेच १८ मिलीसेकंद होतात. एकाच गल्लीतल्या दोन कंपन्यांच्या जोडण्यांत फरक पडतो तो बहुधा इथे. सिंगापूर इंदूरपासून सुमारे ३,८०० किमी. आहे. तिथल्या सर्व्हरसाठी सैद्धांतिक किमान ३८, प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास.

पडद्यावरचा आकडा आणि आयसीएमपीचा आकडा सहसा जुळत नाहीत. बहुतेक खेळ यूडीपी या वेगळ्या पद्धतीची पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) वापरतात आणि सर्व्हर ठराविक ठोक्यांनीच उत्तर देतो. सेकंदाला ६४ ठोके असतील तर दोन ठोक्यांत १५.६ मिलीसेकंदांचे अंतर पडते, १२८ असतील तर ७.८ चे. काही खेळ ही वाट पाहणे आकड्यात धरतात, काही वगळतात. म्हणून दोन खेळांच्या पिंगची तुलना करण्यात अर्थ नसतो.

रांग : घरगुती पिंग बिघडण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे राउटरमधील रांग. एक उदाहरण घेऊ. मुलगा खेळतो आहे, पिंग २६. आतल्या खोलीत आई मंगळागौरीचे व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकते. अपलोड १० एमबीपीएसचे आहे आणि राउटर १ मेगाबाइटपर्यंतची पॅकेटे रांगेत ठेवतो. ही रांग रिकामी व्हायला ०.८ सेकंद लागतो, कारण ८ मेगाबिट भागिले १०. खेळाचे शे-दीडशे बाइटचे पॅकेट रांगेच्या शेपटीला उभे राहते आणि आकडा २६ वरून ८०० पलीकडे उडी मारतो. व्हिडिओ गेले की तो आपोआप खाली येतो, म्हणून दोष कंपनीवर जातो.

या प्रकाराला ‘बफरब्लोट’ हे नाव जिम गेटिस यांनी २०१०–११ च्या सुमारास रूढ केले. पॅकेट टाकून द्यावे लागू नये म्हणून उत्पादकांनी स्मृती वाढवत नेली, आणि जाळ्याला गर्दीची खबरच उशिरा मिळू लागली. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही रीत मांडली. तीत रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट किती वेळ अडकले ते पाहतात. ते सतत ५ मिलीसेकंदांहून जास्त अडकत असेल तर पॅकेटे टाकून द्यायला सुरुवात होते. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ (रांगेची हुशारीने व्यवस्था) किंवा ‘एफक्यू-कोडेल’ असा पर्याय असल्यास तो चालू करून मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५–९० टक्क्यांवर बांधतात. मर्यादा पूर्ण वेगाएवढी ठेवली तर रांग आपल्या राउटरमधून उठून कंपनीच्या उपकरणात जाते आणि उपाय फुकट जातो. कंपनीने दिलेल्या बऱ्याच डब्यांत हा पर्याय नसतो. तेव्हा फोनचा फोटो-बॅकअप रात्रीवर ढकलणे, एवढेच हाती राहते.

तपासणी : आधी घर, मग गल्ली, मग सर्व्हर, असा क्रम ठेवावा. विंडोजची पिंग आज्ञा चार पॅकेटे पाठवून थांबते. शेवटी वजाचिन्ह व ‘टी’ जोडल्यास थांबवेपर्यंत चालते. राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) देऊन पाच मिनिटे चालू ठेवावी. तारेवर उत्तर १ मिलीसेकंदाच्या आत यायला हवे, वायफायवर २ ते ५. अधूनमधून ८०–१०० येत असतील तर दोष घरात आहे. इंदूरच्या राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यांत दीड-दोन फूट जाडीच्या भिंती आहेत, त्यातून वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर निभत नाही. २.४ ची निभते, पण तिथे एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच (१, ६ आणि ११), आणि शेजारच्या साऱ्या बिऱ्हाडांचे राउटर त्यांतच कोंबलेले असतात. मायक्रोवेव्हही तिथेच त्रास देतो.

तार टाकणे हा खरा उपाय. इंदूरच्या जेल रोडवर तार घेताना ती पूर्ण तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, हे टोक खरवडून पाहावे. आतून पांढरे दिसले तर ॲल्युमिनियम. टोक बसवताना जोड्यांचा पीळ १३ मिमी.पेक्षा जास्त उकलू नये. आठांपैकी एखादी तार नीट बसली नाही तर जोडणी गिगाबिटवरून १०० एमबीपीएसवर उतरू शकते. त्याने पिंग फारसा वाढत नाही, पण अर्धवट बसलेल्या टोकामुळे पॅकेटे गहाळ होतात आणि खेळ अडखळतो.

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला तर तंतू तुटला किंवा निसटला. तुटला नसेल, पण खिडकीच्या चौकटीत ३ सेंमी.हून कमी त्रिज्येत वाकला असेल, तर प्रकाश गळतो. डब्याच्या सेटिंगच्या पानावर आत येणाऱ्या प्रकाशाची शक्ती दिसते. ती उणे २७ डीबीएमच्या आसपास गेली की जोडणी अधूनमधून तुटू लागते.

मार्ग पाहण्याच्या ‘ट्रेसराउट’ आज्ञेत मधलाच एखादा टप्पा २०० दाखवतो आणि पुढचे पुन्हा ३०, हे पाहून घाबरू नये. मधले राउटर अशा हाकांना सवडीने उत्तर देतात. वाढलेला आकडा शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच तो खरा.

खेळांची तडजोड : पिंग लपवण्याच्या युक्त्या खेळांच्या प्रकारानुसार बदलतात. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या (१९९७) कर्त्यांना आढळले की, २५० मिलीसेकंदांपर्यंतचा उशीर खेळाडूंच्या ध्यानातही येत नाही, आणि कधी जलद कधी मंद यापेक्षा सतत मंद प्रतिसाद त्यांना चालतो. नेमबाजीच्या खेळांत असे भागत नाही. डिसेंबर १९९६ च्या ‘क्वेकवर्ल्ड’ने सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूची हालचाल त्याच्याच यंत्रावर आधी दाखवण्याची रीत रूढ केली. पुढे सर्व्हरने काळ मागे नेऊन, गोळी झाडणाऱ्याला तेव्हा काय दिसत होते ते तपासण्याची रीत आली. भिंतीआड पोचल्यावरही गोळी लागते ती यामुळे; समोरच्याची फसवणूक असतेच असे नाही.

भारत : जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचे क्लाउड केंद्र मुंबईत सुरू झाले आणि खेळ-कंपन्यांना देशात सर्व्हर ठेवणे सोपे झाले. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली आणि तिची भारतीय आवृत्ती २ जुलै २०२१ रोजी निघाली. मधल्या काळात काही जण व्हीपीएन (आपली वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) लावून परदेशी आवृत्त्या खेळत. व्हीपीएनने अंतर कमी होत नाही. मूळ वाट वाकडी असेल आणि व्हीपीएनची सरळ, तेवढ्यापुरताच पिंग उतरतो.