खान्देशातली ऑफ-सीझन भटकंती: आधी काय होतं आणि २०२० नंतर काय झालं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची साठीपुढची मंडळी हल्ली मे आणि दिवाळी सोडून भलत्याच महिन्यांत फिरायला निघतात. एकेका गावात चार-चार दिवस मुक्काम टाकतात, कधी बऱ्हाणपूर, कधी सुरत, दमण, दीव, फारच जोर आला तर रत्नागिरी. सोशल मीडिया बघून आलेलं फॅड आहे असं पोराबाळांना वाटतं, पण याला मागचा बराच इतिहास आहे.

फार जुनं थोडक्यात सांगतो. सुरतहून नवापूर, नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला जाणारी वाट ही मुघलांच्या काळातली मोठी व्यापारी वाट. इंग्लंडच्या राजाचा वकील १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेजवळ उतरला आणि नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला पोचला, मधले बरेच दिवस सुरतेतच कटकटीत गेले. पुढे एका फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असं लिहून ठेवलं. मग रेल्वे आली, १८७० मध्ये भुसावळवरून मुंबई-कलकत्ता मार्ग जोडला गेला, १९०० च्या आसपास तापी खोऱ्यातून सुरतेची लाईन झाली, आणि खान्देशाला समुद्र म्हणजे कोकण नाही तर सुरत-बलसाड हे तेव्हापासून पक्कं झालं. १९६० पर्यंत सुरत आणि आपण एकाच मुंबई राज्यात होतो हे आज कुणाच्या लक्षातही नसतं. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ ला, त्यामुळे मंगला एक्सप्रेसने भुसावळ-जळगावहून थेट रत्नागिरीला उतरणं ही तशी अलीकडचीच गोष्ट, आणि तीही पावसाळ्यात वेगळ्या टाईमटेबलने, घाटात दरडीच्या भीतीने हळू चालते.

आता सीझनचं. इकडे पैसा येतो कापसाचा, तो वेचून विकून हातात पडेपर्यंत संक्रांत येते, पुढे गहू-हरभरा निघाला की आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत जे काही दिवस मिळतात ते शेतकऱ्याचे. मे मध्ये ४५ डिग्रीत लग्नं उरकायची की फिरायचं? शिक्षक लोकांचं उलटं, त्यांना आयुष्यभर सुट्टी मिळाली ती मे आणि दिवाळीतच, म्हणजे सगळीकडे गर्दी आणि रूमचे भाव दुप्पट, त्यामुळे रिटायर झाल्याबरोबर पहिलं काय करतात तर फेब्रुवारीत किंवा श्रावण संपता संपता बॅग भरतात. (मांडूला मात्र पावसाळा हाच सीझन आहे, तिथे ऑफ-सीझन समजून ऑगस्टमध्ये गेलात तर भाव ऐकूनच परत याल.)

या सगळ्याला खरा आधार होता रेल्वेच्या सिनियर सिटीझन सवलतीचा. पुरुषांना ६० नंतर ४० टक्के, बायकांना ५८ नंतर ५० टक्के. तत्काळ तिकिटाला ही सवलत नव्हती, म्हणजे फायदा कुणाला, तर जो आधीपासून ठरवून, घाई न करता निघतो त्याला. त्यात लांबच्या तिकिटावर ब्रेक जर्नी घेता यायची, ती आजही घेता येते, ५०० किलोमीटरच्या पुढे एकदा दोन दिवस उतरता येतं, १००० च्या वर दोनदा. सर्क्युलर तिकिटात, म्हणजे फिरून परत निघाल्या स्टेशनावर येणाऱ्या तिकिटात, तर आठ ठिकाणी उतरायची सोय, आणि अंतर वाढत जाईल तसा किलोमीटरमागे दर कमी. नवरा-बायको दोघांच्या जाण्या-येण्यात जे वाचायचं त्यात ऑफ-सीझनला एका रात्रीची साधी रूम जवळजवळ निघायची.

मार्च २०२० मध्ये ही सवलत बंद झाली. कारण दिलं ते साथीचं, म्हाताऱ्यांनी विनाकारण प्रवास करू नये म्हणून, आणि त्या वेळी ते कुणालाही पटलंच असतं. पण साथ गेली, गाड्या भरभरून धावू लागल्या, तरी सवलत आली नाही, आणि कारण मात्र बदललं. आता रेल्वेवाले सांगतात की आम्ही प्रत्येकच प्रवाशाला सरासरी ४० टक्क्यांहून जास्त सवलत देतो, अजून वेगळी परवडत नाही. बरं, हा हिशोब २०२० च्या आधीही होताच की! खरं तर 'सवलत सोडा' असं आवाहन त्याआधीपासून चालू होतं, म्हणजे मनात होतंच, निमित्त मिळालं असंच म्हणावं लागतं. संसदेच्या समितीने निदान स्लीपर आणि थर्ड एसीला तरी विचार करा असं सुचवलं, पण झालं काहीच नाही. तोट्याची बाजू खोटी नाही हे मान्य, पण पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने त्यानंतर स्वस्तातले महिने शोधायचे, जास्त दिवस एकाच ठिकाणी राहून गाडीभाडं वसूल करायचं, याला हौस म्हणा किंवा नाईलाज. सवलतींपैकी म्हाताऱ्यांना मिळणारा लोअर बर्थ तेवढा शिल्लक राहिला.

दुसरीकडे २०२० च्याच नोव्हेंबरात हजिरा ते घोघा फेरीबोट सुरू झाली, सुरतहून भावनगरकडे जाताना ३७० किलोमीटरचा रस्ता वाचून ९० किलोमीटर पाण्यातून जाता येतं, त्यामुळे दीवचा विचार करणारे वाढले. एसटीने २०२२ ला ७५ वरच्यांना प्रवास फुकट केला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पण हे सगळं राज्याच्या हद्दीपर्यंत. रावेरहून बऱ्हाणपूरला जाताना हद्द लागली की पुढचं भाडं पूर्ण, म्हणजे फारुकी सुलतानांच्या काळात जी खान्देशची राजधानी होती तिथे शिरायला आपल्यालाच जास्त पैसे. त्यामुळे बायकांचे ग्रुप एसटीने अलिबाग-मुरुडकडे वळतात, आणि पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात हे तिथे पोचल्यावर कळतं.