दोन वर्षे, दोघे-दोघे: मॉर्मन मिशनरींच्या परदेशवासाची पार्श्वभूमी

'मिशनरी' म्हटलं की मराठी माणसाला मिरजेचं वॉनलेस रुग्णालय आठवतं, अहिल्यानगरच्या जुन्या मिशन शाळा आठवतात. इतिहास वाचणाऱ्याला 1813 मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन गॉर्डन हॉल आठवतील. ही माणसं आली ती जन्म इथेच काढायला. मराठी शिकली, शाळा काढल्या, छापखाने घातले. हॉल तर 1826 मध्ये पटकी होऊन इथेच वारले.

मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथाचा मिशनरी या चित्रात बसत नाही. तो अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. मिसरूड धड फुटलेलं नसतं आणि छातीवरच्या काळ्या पाटीवर आडनावाआधी 'एल्डर', म्हणजे वडीलधारा, असं लिहिलेलं असतं. मुलगी असेल तर 'सिस्टर'. कुठल्या देशात जायचं हे त्याच्या हातात नसतं. पगार नाही, उलट खर्च घरचा. एकट्याने कुठे जायचं नाही, सिनेमा बघायचा नाही, कुणाच्या प्रेमात पडायचं नाही. दोन वर्षं झाली की तो घरी परततो आणि कॉलेजात नाव घालतो.

बाहेरून बघणाऱ्याला ही नियमांची जंत्री वाटते. पण यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या जुन्या अनुभवातून आलेला आहे, आणि त्यातले काही अनुभव फार महागात पडलेले आहेत.

या पंथाचं अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 2018 पासून चर्चचा आग्रह आहे की 'मॉर्मन' न म्हणता हे पूर्ण नाव वापरावं. इथे 'मॉर्मन' म्हटलं आहे ते केवळ वाचकाच्या ओळखीचं नाव म्हणून. जोसेफ स्मिथ यांनी 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. त्याच उन्हाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ सॅम्युएल 'बुक ऑफ मॉर्मन' या नव्या धर्मग्रंथाच्या प्रती पिशवीत घालून गावोगाव निघाला. सात वर्षांनी, 1837 मध्ये, हीबर किंबॉल आणि त्यांचे सोबती इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी पोहोचले. गिरण्यांचं गाव, हातावर पोट असलेली माणसं. 30 जुलैला तिथल्या रिबल नदीत पहिले बाप्तिस्मे झाले.

त्या काळचे मिशनरी पोरसवदा नव्हते. लग्न झालेली, मुलंबाळं असलेली माणसं होती ती. बायबलमध्ये येशू शिष्यांना दोघे-दोघे करून पाठवतो आणि वाटेसाठी काही घेऊ नका म्हणतो. ते यांनी शब्दशः घेतलं. थैली नाही, शिदोरी नाही; ज्या गावात जाऊ तिथे कुणी ना कुणी भाकरी देईल, हा भरवसा.

सप्टेंबर 1839 चा प्रसंग या समाजात आजही मुलांना सांगितला जातो. मिसिसिपीच्या काठावर हिवतापाची साथ होती. चर्चमधले एक पुढारी ब्रिगहॅम यंग किंबॉल यांच्यासोबत इंग्लंडला निघाले तेव्हा त्यांना धड चालता येत नव्हतं, आणि घरी त्यांची बायको मेरी अ‍ॅन दहा दिवसांची बाळंतीण होती. किंबॉल यांच्या घरात, जिथे मेरी अ‍ॅनही निरोपाला आली होती, त्यांची बायको तापाने फणफणलेली. गाडी थोडी पुढे गेल्यावर किंबॉल यांना राहवेना. दोघं कसेबसे गाडीत उभे राहिले, टोप्या हलवून त्यांनी जयजयकार केला, आणि आतून दोघी बायका उठून दारापर्यंत आल्या. गोष्ट सांगितली जाते ती गाडीत उभं राहिलेल्या पुरुषांच्या निष्ठेची. मला मात्र दारात उभ्या राहिलेल्या त्या दोघींपाशी थांबावंसं वाटतं. पुढची पावणेदोन वर्षं घर त्यांनीच चालवलं. मिशनचा निम्मा इतिहास मागे राहिलेल्या अशा बायकांच्या कष्टावर उभा आहे आणि त्यांच्या नावाच्या पाट्या कुठेही नाहीत.

जोसेफ स्मिथ यांची 1844 मध्ये जमावाने हत्या केली. 1847 मध्ये हा समाज आजच्या अमेरिकेच्या पश्चिमेतल्या यूटाच्या सॉल्ट लेक खोऱ्यात जाऊन वसला. तिथे जेमतेम पाच वर्षं होतात न होतात तोच, ऑगस्ट 1852 मध्ये, एकाच सभेत सुमारे शंभर पुरुषांची नावं पुकारली गेली: तू इंग्लंड, तू चीन, तू सयाम, तू हिंदुस्थान. त्याच सभेत बहुपत्नीत्वाची प्रथा जाहीरपणे मान्य करण्यात आली, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं जगात कुठेही मॉर्मन मिशनरीने दार वाजवलं की पहिला प्रश्न त्याच विषयाचा येऊ लागला.

हिंदुस्थानासाठी निवडलेले नऊ जण जानेवारी 1853 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि सुमारे तीन महिन्यांनी कलकत्त्याला लागले. त्यांच्याआधीच, 1852 मध्ये, ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला होता. त्याने मुंबईत आणि पुण्यात काम केलं. पुण्यात त्याचा सगळा भर लष्करावर, म्हणजे कॅम्पातल्या गोऱ्या शिपायांवर होता. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रवचनाला बंदी घातली आणि ते दार मिटलं. मग मराठ्यांना उद्देशून त्याने एक पुस्तिका काढली. पण तोवर उशीर झाला होता. 1856 पर्यंत हिंदुस्थानातलं काम गुंडाळलं गेलं.

हे अपयश समजून घेण्यासारखं आहे. वर्तमानपत्रं विरोधात होती, छावण्या बंद होत्या, बहुपत्नीत्वाची बातमी बोटीच्या आधी पोहोचली होती, हे सगळं खरंच. त्यातच जो कोणी धर्म स्वीकारेल त्याने यूटाला येऊन राहावं अशी तेव्हाची शिकवण. कलकत्त्याच्या किंवा पुण्याच्या गरीब माणसाने अर्धं जग ओलांडून जायचं तरी कसं? गेले ते ज्यांना परवडलं ते. बंगाल तोफखान्यातले मॅथ्यू मॅक्यून यांचं कुटुंब गेलं. कलकत्त्यात 1849 मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा आल्फ्रेड पुढे खाणी आणि रेल्वेच्या धंद्यात गब्बर झाला आणि त्याचा वाडा सॉल्ट लेक सिटीत आजही उभा आहे. पण माझ्या मते मुख्य कारण भाषा हेच होतं. ही माणसं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या वर्तुळातच फिरत राहिली. मुंबईत उतरल्या दिवसापासून मराठीच्या मागे लागलेले हॉल आणि मराठीकडे शेवटी वळलेला फिंडले, यांच्यात अंतर आहे ते इथे.

हवाईत नेमकं उलट घडलं. डिसेंबर 1850 मध्ये दहा जण होनोलुलूला उतरले. गोऱ्या लोकांना धर्म सांगायचा, असा बेत. गोरे मूठभर, आणि ते ऐकायलाही तयार नव्हते. काही जण परतीच्या बोटीत बसले. जॉर्ज कॅनन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. तो राहिला. हवाई लोकांच्या घरात राहून, त्यांच्या पंगतीला बसून तो त्यांची भाषा शिकला. मावी बेटावरच्या वायलुकू गावचे न्यायाधीश जोनाताना नापेला यांनी त्याला आसरा दिला, आणि दोघांनी मिळून धर्मग्रंथाचा हवाई भाषेत अनुवाद केला, जो 1855 मध्ये छापून निघाला. कॅनन परतला आणि चर्चमध्ये मोठ्या पदाला चढला. नापेला यांची बायको किटी हिला पुढे कुष्ठरोग झाला. तिला मोलोकाई बेटावरच्या वस्तीत धाडलं तेव्हा स्वतः धडधाकट असलेले नापेला तिच्यासोबत गेले आणि 1879 मध्ये त्याच रोगाने तिथेच वारले. मिशनचा इतिहास लिहिताना हे नाव तळटीपेत जाऊ नये, इतकंच मला वाटतं.

जपानमध्ये 1901 साली हीबर ग्रँट चार जणांची तुकडी घेऊन योकोहामाला उतरले. त्यातला आल्मा टेलर एकोणीस वर्षांचा. ग्रँट दोन वर्षांत परतले, टेलर साडेआठ वर्षं राहिला, आणि 1909 मध्ये त्याने केलेला जपानी अनुवाद बाहेर आला. तरीही अनुयायी इतके थोडे मिळाले की 1924 मध्ये ते मिशन बंद झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पुन्हा उघडलं.

तोवर मिशनरीही बदलले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संसारी पुरुषांच्या जागी अविवाहित तरुण जाऊ लागले. 1898 मध्ये आयनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोन अविवाहित मुली अधिकृत मिशनरी म्हणून इंग्लंडला गेल्या, तशा त्या पहिल्याच. भिक्षेवर फिरणं मागे पडलं आणि घरून पैसे पाठवण्याची रीत आली. त्यात एक अन्याय होता: टोकियोला नाव निघालं तर बाप कर्जात आणि एखाद्या स्वस्त देशात निघालं तर निभावलं. म्हणून 1991 पासून सगळ्यांची रक्कम सारखी केली गेली. कुठेही जा, अमेरिकेतल्या कुटुंबाने महिन्याला ठराविक रक्कम चर्चकडे भरायची; ती 2020 च्या जुलैपासून 500 डॉलर आहे.

भाषेचा धडा उशिरा गिरवला, पण नीट गिरवला. 1961 मध्ये मेक्सिको आणि अर्जेंटिनाचे व्हिसा अडकले आणि मुलं यूटातच खोळंबली. प्रोव्हो गावातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात त्यांना तेवढ्या दिवसांत स्पॅनिश शिकवायची सोय केली. खोळंब्यातून निघालेली ती शाळा आज मोठं प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथे कित्येक भाषा शिकवल्या जातात. धडे पूर्वी शब्द न् शब्द पाठ करावे लागत. 2004 पासून ती घोकंपट्टी गेली.

मुक्कामी पोहोचल्यावरचा दिवस साधारण असा. सकाळी साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, अंघोळ, नाश्ता. मग टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसतात: आधी आपापलं वाचन, मग एकत्र, आणि परकी भाषा असेल तर तिचा अभ्यास. दहाच्या सुमाराला बाहेर. दारं वाजवायची, ठरलेल्या घरी जायचं, कुणाचं सामान हलवायला हात लावायचा, संध्याकाळी फुकट इंग्रजीचा वर्ग घ्यायचा. नऊच्या सुमारास परत, उद्याची आखणी, साडेदहाला दिवा बंद. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणं यासाठी. चहा-कॉफी वर्ज्य, हा नियम 1833 पासूनचा. पाहुण्याला कपभर चहा देणं ही जिथे आपुलकीची पहिली खूण, तिथे नव्या भाषेत, मोडक्यातोडक्या शब्दांत, यजमानाचं मन न दुखवता नाही म्हणणं ही त्या पोराची पहिली परीक्षा असते.

जोडीदार निवडता येत नाही. तो वरून ठरतो आणि दर सहा आठवड्यांनी बदलू शकतो. आयडाहोच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि टोंगाचा मुलगा एका खोलीत, एका तव्यावर स्वयंपाक करत राहतात. पटलं तर जन्माची मैत्री. नाही पटलं तर ते सहा आठवडे फार लांब असतात.

धोकेही खरे असतात. पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार झालेले मिट रोमनी 1966 पासून अडीच वर्षं फ्रान्समध्ये मिशनरी होते. जून 1968 मधल्या मोटार अपघातात त्यांच्या मिशनप्रमुखांची पत्नी गेली आणि गाडी चालवणारे रोमनी मेले असंच आधी समजलं गेलं. समोरची गाडी त्यांच्या बाजूला येऊन धडकली होती. कधी चूक पोरांचीच असते. 1972 मध्ये थायलंडमध्ये एक मिशनरी बुद्धमूर्तीच्या डोक्यावर चढून बसला, दुसऱ्याने फोटो काढला, आणि दोघांना तुरुंगवास झाला. थायी माणसाला मस्तक किती पवित्र वाटतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

आकडे वाढले ते 1974 नंतर, जेव्हा चर्चचे अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी प्रत्येक सक्षम तरुणाने मिशनवर जावं असं सांगितलं. 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना चर्चमध्ये पौरोहित्याचा अधिकारच नव्हता. तो मिळाल्यावर त्याच वर्षी मिशनरी नायजेरिया आणि घानात गेले. भारतात बंगळूर मिशन 1993 मध्ये सुरू झालं आणि भारतातली मुलं-मुलीही आता मिशनवर जातात. ऑक्टोबर 2012 मध्ये किमान वय मुलांसाठी 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 केलं गेलं. तेव्हा सुमारे 58 हजार असलेले मिशनरी दोन वर्षांत 80 हजारांच्या वर गेले.

वय खाली आलं तशी घरची ओढही वाढणारच. कित्येक वर्षं घरी फोन करायची मुभा वर्षातून फक्त दोनदा होती, नाताळला आणि मातृदिनी. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला बोलता येतं. हा बदल मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत माणुसकीचा वाटतो. कारण दोन वर्षं पुरी न होता परत येणारेही असतात. कुणी आजारी पडतं, कुणाचं मन खचतं, कुणाची श्रद्धाच डळमळते. ज्या गावात शेजारच्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी मिशन पुरं करून आलंय, तिथे सहा महिन्यांत परतलेल्या पोराला रविवारी चर्चच्या बाकावर बसणं जड जातं. त्याला 'का आलास' असं कुणी विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच असतं.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे हजारो मिशनरी एकदम मायदेशी बोलावले गेले. फिलिपाइन्समधून शेकडो जण सॉल्ट लेक सिटीला उतरले तेव्हा विमानतळाच्या पार्किंगमध्ये अंतर राखण्याचे नियम विसरून नातेवाइकांची गर्दी उसळली. त्यानंतर फक्त आईवडिलांनी यावं आणि गाडीतच थांबावं असं सांगण्यात आलं. त्याच सप्टेंबरमध्ये शहराचं नवं विमानतळ सुरू झालं. त्याच्या नकाशात एक मोठी खोली मुद्दाम ठेवलेली आहे: शेकोटी, बसायला ऐसपैस जागा. परतणाऱ्या मिशनरींसाठी फलक आणि फुगे घेऊन ताटकळणाऱ्या घरच्या माणसांना तिथे थांबता येतं.