चित्रपट-पार्श्वसंगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह

चित्रपटात गाण्यांखेरीज जे वाद्यसंगीत वाजते, त्याच्या ध्वनिमुद्रिका जमवण्याचा छंद. संग्राहक एलपी आणि कॅसेटही जमवतात, पण गेल्या तीसेक वर्षांत या छंदाचा मुख्य भर सीडीवर राहिला आहे. बाकीचे जग सीडी विकून मोकळे झाले, तरी ही मंडळी अजून नव्या सीडीची वाट पाहत असतात. छंदाचे माहेर अमेरिका. हॉलिवूडच्या स्टुडिओंकडे मूळ फिती आहेत आणि त्या धुंडाळून बाजारात आणणाऱ्या छोट्या कंपन्याही बहुतेक कॅलिफोर्नियातल्याच. माद्रिदची क्वार्टेट आणि पॅरिसची म्यूझिक बॉक्स या युरोपातील ठळक कंपन्या.

सुरुवात

'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स'मधील गाण्यांच्या तबकड्या आरसीए व्हिक्टरने १९३८ मध्ये काढल्या; थेट चित्रपटातून घेतलेल्या ध्वनीची ही पहिली विक्री. वाद्यसंगीताला मात्र १९४२ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी संगीतकार मिक्लोश रोझा यांचे 'जंगल बुक'चे संगीत ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांच्या संचात आले. नुसते वाद्यवृंदाचे संगीत कोण विकत घेणार, ही धास्ती कंपनीला असावी, कारण त्यावर निवेदन घातले होते आणि ते चित्रपटाचा नायक, म्हैसूरकडचा साबू, याच्या आवाजात होते. अमेरिकी चित्रपटाच्या पार्श्वसंगीताची ही पहिली व्यापारी ध्वनिमुद्रिका मानली जाते.

दुर्मिळतेचे वेडही जुनेच. १९५४ मधील 'द केन म्यूटिनी'ची एलपी त्याचे जुने उदाहरण. एका बाजूला संगीतकार मॅक्स स्टायनर यांचे संगीत, दुसऱ्या बाजूला चित्रपटातील कोर्टाच्या प्रसंगाचे संवाद. मूळ कादंबरीचे लेखक हर्मन वूक यांनी संवाद छापण्याला हरकत घेतली आणि तबकडी दुकानात पोहोचण्याआधीच मागे घेतली गेली. मोजक्या प्रती उरल्या आणि त्यांना पुढे हजारो डॉलरचा भाव आला. स्टायनर यांचे याहून सरस संगीत कितीतरी स्वस्तात मिळते, पण संग्राहकाला ते सांगून उपयोग नसतो.

सत्तरच्या दशकात जुने संगीत नव्याने वाजवून मुद्रित करण्याची लाट आली. वाद्यवृंद-संचालक चार्ल्स गेरहार्ट यांनी लंडनच्या नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून १९७२ पासून आरसीएसाठी जी मालिका करून घेतली, तिने एका पिढीला कॉर्नगोल्ड आणि स्टायनर या जुन्या हॉलिवूड-संगीतकारांची गोडी लावली. संगीतकार एल्मर बर्नस्टीन यांनी १९७४ ते १९७९ या काळात पदरमोड करून, वर्गणीदारांच्या बळावर अशीच मालिका चालवली. स्टुडिओंना स्वतःच्या संगीताची किती किंमत होती, हे हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने दाखवून दिले : १९६९ च्या सुमारास तिथल्या स्वरलिपींचे गठ्ठेच्या गठ्ठे कचऱ्यात गेले.

अर्ध्या तासाच्या तबकड्या

पूर्ण संगीत हवे, हा हट्ट या छंदाच्या मुळाशी आहे आणि त्याचे कारण पैशातच दडलेले आहे. अमेरिकेतील वादक त्यांच्या संघटनेच्या करारानुसार चित्रपटासाठी वाजवतात. तेच वादन तबकडीवर आणायचे तर प्रत्येकाला त्याचे वेगळे मानधन द्यावे लागते. नव्वद वादकांचा ताफा असेल तर रक्कम किती होते, याचा अंदाज करावा. म्हणून १९८० आणि १९९० च्या दशकांत व्हॅरेझ साराबांड (स्थापना १९७८) ही कंपनी लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झालेल्या संगीतापैकी जेमतेम अर्धा तास छापत असे. सीडीवर सत्तर मिनिटांहून जास्त जागा, आणि त्यात तीस मिनिटांचे संगीत! लंडनमध्ये मुद्रित झालेल्या चित्रपटांना हा जाच नव्हता, त्यामुळे त्यांच्या सीडी भरगच्च निघत. तबकडीची लांबी संगीताच्या गुणावर नव्हे, स्टुडिओच्या पत्त्यावर ठरत होती.

याहून वाईट म्हणजे काही लोकप्रिय चित्रपटांचे पार्श्वसंगीत निघालेच नाही. 'बॅक टु द फ्यूचर' (१९८५) च्या एलपीवर जागा गाण्यांनी अडवली. अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्री यांच्या वाद्यसंगीताचे फक्त दोन तुकडे त्यावर होते. पूर्ण संगीत दोन सीडींवर यायला २००९ साल उजाडले आणि ते काम इन्ट्राडा या छोट्या कंपनीने केले.

मर्यादित आवृत्त्या

जुन्या मुद्रणांच्या थोड्या प्रती काढल्या तर वादकांच्या मानधनात सवलत मिळू लागली आणि छोट्या कंपन्यांना वाट सापडली. ३००० प्रती हा आकडा त्यामुळे या व्यवसायात रुळला. व्हॅरेझने १९८९ मध्ये मर्यादित प्रतींच्या सीडींसाठी 'सीडी क्लब' काढला. पुढे इन्ट्राडा, 'फिल्म स्कोअर मंथली' हे मासिक आणि २००२ मध्ये सुरू झालेली ला-ला लँड रेकॉर्ड्स या रिंगणात उतरल्या. एकट्या मासिकाने २०१३ पर्यंत सुमारे अडीचशे शीर्षके काढून दुकान बंद केले.

काम किचकट असते. कंपनीला आधी स्टुडिओकडून परवाना, मग मूळ तबकडी काढणाऱ्या कंपनीची संमती मिळवावी लागते. त्यानंतर फितींचा शोध. कधी स्टीरिओ मास्टर, म्हणजे तयार मूळ फीत, मिळते, कधी ३५ मिमीच्या चुंबकीय फिल्मवरील तीन ट्रॅक, कधी त्यातला एक कुजलेला. माइक मॅटेसिनो यांच्यासारखे निर्माते हे तुकडे जुळवून चित्रपटातील क्रमाने लावतात, वगळलेले प्रसंग शेवटी जोडतात आणि संगीतकाराने तेव्हा एलपीसाठी केलेली मांडणीही वेगळ्या सीडीवर देतात. सोबतच्या पुस्तिकेत तुकड्यागणिक टिपण असते. काही संग्राहक आधी पुस्तिका वाचतात, सीडी नंतर ऐकतात.

मर्यादित प्रतींमुळे सट्टाही आला. व्हॅरेझने २००३ मध्ये 'प्रेडेटर'च्या ३००० प्रती काढल्या. त्या संपल्या आणि जुन्या मालाच्या बाजारात भाव चढला. २०१० मध्ये इन्ट्राडाने तेच संगीत पुन्हा काढले. पुनर्मुद्रणाची घोषणा झाली की आधीच्या आवृत्तीचा भाव कोसळतो, आणि महागात घेऊन ठेवणारा हात चोळत बसतो. गुंतवणूक म्हणून सीडी घेणाऱ्याने हा इतिहास आधी पाहावा.

बॉक्स सेटचे गणित

या कंपन्यांची एक सीडी साधारण वीस डॉलरला आणि दोन सीडींचा संच तीस डॉलरच्या आसपास मिळत आला आहे. त्यापुढे बॉक्स सेटचा आकडा डोळ्यांत भरतो. 'सुपरमॅन'च्या चार चित्रपटांचे संगीत असलेला आठ सीडींचा संच २००८ मध्ये सुमारे १२० डॉलरला आला. २०१२ मध्ये ला-ला लँडने 'स्टार ट्रेक'च्या १९६६–६९ च्या मूळ दूरचित्रवाणी मालिकेचे सगळे उपलब्ध संगीत १५ सीडींवर आणले : ६००० प्रती, किंमत २२४.९८ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे बारा हजार रुपये. दोन्ही संचांना सीडींच्या संख्येने भागले तर सीडीमागे पंधराच डॉलर पडतात. सुट्या सीडीपेक्षा हा भाव कमी आहे. ओझे वाटते ते एकरकमी द्यावे लागते म्हणून, आणि सगळेच घ्यावे लागते म्हणून : ज्याला मालिकेतील चारच भागांचे संगीत हवे, त्यालाही पंधरा सीडी पदरात घ्याव्या लागतात.

महागडे संच खरे वेगळेच. संगीतकार डॅनी एल्फमन आणि दिग्दर्शक टिम बर्टन यांच्या सहकार्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त वॉर्नरने काढलेला १६ सीडींचा संच ५०० डॉलरचा होता आणि प्रती १०००. सीडीमागे एकतीस डॉलर! पेटीत झोएट्रोप हे फिरत्या चित्रांचे खेळणे, किल्लीच्या आकाराचा यूएसबी आणि जाडजूड पुस्तक. ज्यांना संगीतच ऐकायचे होते, त्यांच्या दृष्टीने ही चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला होती. याउलट व्हॅरेझचा संगीतकार बर्नार्ड हरमन यांच्या फॉक्स स्टुडिओतील कामाचा १४ सीडींचा संच (२०११) हजारच प्रतींचा असला तरी त्यातला मसाला संगीताचाच होता.

छुपा खर्च पुनरावृत्तीचा. 'स्टार वॉर्स'चे संगीत ज्याने १९७७ मध्ये दोन एलपींवर घेतले, त्याने १९९३ मध्ये चार सीडींची पेटी घेतली आणि १९९७ मध्ये सुधारित दोन सीडीही घेतल्या. प्रत्येक वेळी काही मिनिटांचे नवे संगीत मिळाले, बाकीचे आधीच घरात होते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे संपूर्ण मुद्रण २००५ ते २००७ या काळात तीन संचांत आले, संपले, महागले आणि २०१८ मध्ये पुन्हा काढावे लागले. विनाइलच्या, म्हणजे एलपीच्या, पुनरागमनानंतर ऑस्टिनच्या मॉन्डोसारख्या कंपन्यांनी तेच संगीत रंगीत तबकड्यांवर आणले. एकाच एलपीचे तीन रंग तिन्ही घेणारे लोक आहेत.

जतन

सीडी अमर नाही. इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान निघालेल्या बऱ्याच सीडी कडेपासून तांबूस पडत गेल्या आणि वाजेनाशा झाल्या. जुन्या जाड पेट्यांत सीडी हलू नयेत म्हणून घातलेला फोम कालांतराने चिकट होतो आणि सीडीला धरतो. तो काढून टाकणे बरे.

भारतात

भारतात चित्रपटाची तबकडी म्हणजे गाण्यांची तबकडी. पार्श्वसंगीताला फार तर शीर्षकसंगीताएवढी जागा मिळे, जशी 'शोले'च्या (१९७५) एलपीवर मिळाली. त्याच चित्रपटाची संवादांची तबकडी पॉलिडोरने काढली आणि ती धडाक्याने खपली. राहुलदेव बर्मन यांचे उरलेले पार्श्वसंगीत लोकांनी त्या संवादांमागेच ऐकले. विकायचे नसल्याने अशा फिती वेगळ्या जपण्याला कुणाला व्यापारी कारणच नव्हते. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे कामही मुख्यतः ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर, म्हणजे शास्त्रीय गायन, नाट्यपदे आणि चित्रगीतांवर आहे. हॉलिवूडच्या पार्श्वसंगीताचा मराठी शौकीन एकेकाळी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये परदेशी सीडी चाळत असे. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. आता थेट अमेरिकेहून मागवायचे, तर वजनदार पेटीचा टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून किंमत बरीच फुगते; म्हणून काही जण परदेशातून सुटीवर येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेत जागा राखून ठेवतात.