नामांकित वाइन आणि द्राक्षमळ्यांची जमीन (बर्गंडी व बोर्दो)

फ्रान्समधील नामांकित द्राक्षमळ्यांची किंमत, मालकी आणि तिथल्या वाइनचा भाव यांचे अर्थकारण. प्रतिष्ठेचा दर्जा बर्गंडीत जमिनीच्या तुकड्याला मिळालेला आहे, तर बोर्दोच्या मेदोक भागात शातोच्या, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळा-घराण्याच्या, नावाला. बाकीचे बहुतेक फरक यातूनच येतात.

बर्गंडीतील सर्वोच्च दर्जा म्हणजे ग्रां क्रू. त्याच्या हद्दी ठरलेल्या असल्याने मागणी कितीही वाढली तरी क्षेत्र वाढत नाही. रोमाने-काँतीचा १.८१ हेक्टरांचा मळा एकाच मालकाकडे आहे. क्लो द वूजोच्या सुमारे ५० हेक्टरांत मात्र ८०च्या आसपास मालक आहेत. १८०४च्या नेपोलियन संहितेने मुलांना समान वाटा दिला आणि वाटण्या होत होत काहींकडे वेलींच्या मोजक्या ओळी उरल्या.

बर्गंडीच्या कोत-दोर जिल्ह्यातील ग्रां क्रू जमिनीचा सरासरी भाव हेक्टरी ७० लाख युरोंच्या घरात आहे. अनेक लाल ग्रां क्रूंना हेक्टरी ३५ हेक्टोलिटर (३,५०० लिटर) उत्पादनाची मूळ मर्यादा आहे, म्हणजे फार तर ४,६०० बाटल्या. जमिनीत घातलेल्या पैशावर ३ टक्के परतावा धरला, तर बाटलीमागे ४५ युरो जमिनीचेच होतात. त्या मानाने ओकचे नवे पिंप किरकोळ: २२८ लिटरच्या पिंपातून ३०० बाटल्या निघतात, म्हणून ९०० युरोंचे पिंपही बाटलीमागे ३ युरोंनाच पडते. आजोबांकडून मळा मिळालेल्याला हा जमीनखर्च जाणवत नाही. नव्या खरेदीदाराला तो पहिल्या दिवसापासून सोसावा लागतो.

जुन्या घराण्यांची खरी अडचण वारसाकराची. थेट वारसांना सुमारे १८ लाख युरोंपुढील हिश्शावर ४५ टक्के कर लागतो आणि मूल्यांकन बाजारभावाने होते, मळ्याच्या उत्पन्नावरून नव्हे. शेजारचा मळा अब्जाधीशाने घेतला की आपलाही कर चढतो. दीर्घ मुदतीने खंडावर दिलेल्या जमिनीला सवलत मिळते, तरीही भावंडांपैकी एकाने वाटा मागितला की बाकीच्यांना विकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अब्जाधीश उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांच्या आर्तेमिस समूहाने २०१७ मध्ये बर्गंडीतील क्लो द तार हा ग्रां क्रू मळा घेतला. असा खरेदीदार ३ टक्क्यांच्या हिशेबात अडकत नाही.

पिनो यांच्याकडे १९९३ पासून बोर्दोतील शातो लातूरही आहे. तिथे हिशेब वेगळा. १८५५ची दर्जायादी शातोच्या नावाने आहे. त्याच आपेलासियाँमधील (वाइनच्या अधिकृत नाव-क्षेत्रातील) शेजाऱ्याची जमीन विकत घेतली, तर तिची द्राक्षेही दर्जाप्राप्त लेबलखाली जाऊ शकतात. शिवाय वाइन पिंपात असतानाच, सुगीनंतरच्या वसंतात, ‘आं प्रिमर’ पद्धतीने आगाऊ विकली जाते आणि रोकड लवकर हाती येते. २०१२ मध्ये लातूरने ही पद्धत सोडली. वर्षानुवर्षांचा साठा स्वतःच्या भांडवलावर सांभाळणे मोजक्यांनाच परवडते.

नाव नसेल तर जमिनीला अर्थ उरत नाही. बोर्दो ज्यात येते त्या एकाच जिरोंद जिल्ह्यात, मेदोकमधील पोइयाकची जमीन हेक्टरी २० लाख युरोंच्या वर असताना, साध्या बोर्दो मळ्यांच्या मालकांना २०२३ मध्ये वेली उपटून टाकण्यासाठी हेक्टरी ६,००० युरो अनुदान जाहीर झाले.