सातशे जहाजं गमावून जिंकलेलं युद्ध

सिसिलीच्या पश्चिम टोकासमोर एगादी बेटं आहेत. त्यांतल्या लेवान्झो बेटाजवळ, सुमारे 80 मीटर खोलीवर, समुद्रतळाशी ब्राँझची जड टोकं सापडतात. गेल्या दोन दशकांत अशी वीसहून अधिक टोकं मिळाली. जहाजाच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, पाण्याच्या पातळीवर बसवायचं आणि शत्रूच्या जहाजाला धडक द्यायचं, असं हे हत्यार. इ.स.पू. 10 मार्च 241 रोजी इथे रोमने उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचं आरमार बुडवलं. गंमत अशी की बुडालेली जहाजं मुख्यतः कार्थेजची, पण सापडलेल्या बहुतेक टोकांवर अक्षरं आहेत लॅटिन: क्वेस्टर या रोमन अधिकाऱ्यांची नावं आणि काम तपासून मंजूर केल्याचा शेरा. हे कोडं सुटायला तेवीस वर्षं मागे, रोम आणि कार्थेजच्या पहिल्या युद्धाच्या सुरुवातीला जावं लागतं.

कार्थेज म्हणजे 'कार्त-हदश्त', नवं शहर. आपल्याकडच्या नवापूरसारखंच साधं नाव. आजच्या ट्युनिसजवळ टायरच्या (आजच्या लेबनॉनमधलं बंदर) फिनिशियन व्यापाऱ्यांनी ते वसवलं, परंपरेनुसार इ.स.पू. 814 मध्ये. फिनिशियनांना रोमन लोक 'पोएनी' म्हणत, म्हणून रोम-कार्थेजची ही 'प्यूनिक' युद्धं. रोमचं आणि कार्थेजचं मुळात वैर नव्हतं. कोणाच्या जहाजांनी कुठवर जायचं, कुठे व्यापार करायचा याचे तह दोघांत होते, आणि पिऱ्हस या ग्रीक राजाविरुद्ध तर दोघं एका बाजूला होते.

ठिणगी पडली सिसिलीतल्या मेसिनात. मामर्टाइन या भाडोत्री सैनिकांनी ते शहर बळकावलं होतं. सिसिलीतल्याच सिराक्यूजचा सत्ताधीश हिएरो याने त्यांना घेरल्यावर त्यांनी एकाच वेळी रोम आणि कार्थेज दोघांकडे मदत मागितली. कार्थेजची तुकडी आधी पोचली. इ.स.पू. 264 मध्ये रोमन कॉन्सल (दरवर्षी निवडला जाणारा सर्वोच्च अधिकारी आणि सेनापती) आपिअस क्लॉडिअसही सामुद्रधुनी ओलांडून आला. ओलांडायला नेपल्स, टॅरेंटम अशा दोस्त शहरांची जहाजं उसनी घेतली होती. रोमकडे म्हणावं असं आरमारच नव्हतं. जमिनीवर रोमचं बरं चाललं, हिएरोही वर्षभरात रोमच्या बाजूला आला. पण किनाऱ्यावरची शहरं कार्थेजला समुद्रातून रसद मिळते तोवर पडणार नव्हती.

म्हणून रोमने एका दमात 100 क्विन्क्विरीम (वल्ह्यांची मोठी युद्धजहाजं) आणि 20 ट्रायरीम (त्याहून लहान) बांधायला घेतल्या. किनाऱ्याला लागून हाती आलेलं कार्थेजचं एक जहाज नमुना म्हणून समोर ठेवलं. झाड तोडल्यापासून 60 दिवसांत काम झालं असं प्राचीन लेखक सांगतात. हे थापेसारखं वाटतं, पण सिसिलीच्या पश्चिम किनाऱ्यावर मार्सालाजवळ सापडलेलं प्यूनिक जहाज पाहिलं तर कमी अविश्वसनीय वाटतं. त्याच्या लाकडांवर सुतारांनी फिनिशियन अक्षरांच्या खुणा केल्या आहेत: कुठला भाग कुठे बसवायचा ते कळावं म्हणून. तेव्हाच्या पद्धतीत आधी फळ्यांचं कवच उभं राहायचं. फळीच्या कडेला खाच, खाचेत लाकडी जीभ, वरून आरपार खुंटी. आतले वाकडे वासे नंतर. सुटे भाग आधीच खुणा करून ठेवता आले तर शंभर जहाजांवर एकदम काम चालू शकतं. तोटा एकच, आणि तो मोठा: ताजं, न वाळलेलं लाकूड. त्याने सांगाडा जड होतो, जहाज वळायला सुस्त.

माणसांचा प्रश्न वेगळा होता. एका क्विन्क्विरीमवर 300 वल्हवणारे लागत. नावात पाच असलं तरी वल्ह्यांच्या पाच रांगा नसत. सर्वमान्य अंदाज असा की तीन पातळ्या, वरच्या दोन पातळ्यांच्या वल्ह्यांना दोन-दोन माणसं, खालच्याला एक. म्हणजे प्रत्येक वल्ह्यावर कसबी माणूस एक असला तरी पुरे, जोडीदाराने नुसती ताकद लावायची. जहाजं तयार होईपर्यंत किनाऱ्यावरच बाकं मांडून या लोकांना ताल शिकवला.

जहाजं सुस्त, हात नवखे. धडक देण्याच्या कसबात कार्थेजची बरोबरी होणार नव्हती. त्यावरचा उतारा म्हणजे कॉर्व्हस, शत्रूच्या जहाजावर टाकायचा पूल. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने त्याचं मोजमाप दिलं आहे. नाळेजवळ 24 फूट उंच खांब, त्याला अडकवलेली 36 फूट लांब, 4 फूट रुंद फळी, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढा कठडा. फळीच्या टोकाखाली मुसळासारखा टोकदार लोखंडी खिळा, वर कडी, कडीतून दोर. दोर सोडला की फळी शत्रूच्या जहाजावर आदळायची, खिळा तिथल्या तक्तपोशीत रुतायचा. मग पुढचे दोघं ढाल समोर धरून, मागचे ढाली कठड्यावर टेकवून पलीकडे उतरायचे. इ.स.पू. 260 मध्ये सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर मायलीजवळ कॉन्सल गायस डुइलियसने याच्या जोरावर रोमला पहिला मोठा आरमारी विजय मिळवून दिला.

कॉर्व्हसची कीर्ती मात्र जरा फाजील आहे. इ.स.पू. 256 च्या एक्नोमस लढाईनंतर तो कुठे दिसतच नाही. नाळेवर एवढं वजन उभं केलं तर खवळलेल्या समुद्रात जहाज पुढे झुकतं, हे एक संभाव्य कारण. पुढे आफ्रिकेत कार्थेजवर चालून गेलेल्या रोमन सेनापती रेग्युलसचा पराभव झाला, वाचलेल्यांना घेऊन रोमन आरमार परतत होतं. सुकाणूवाल्यांनी बजावलं होतं की सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्याला आसऱ्याची बंदरं नाहीत आणि हा हंगाम वाईट. कॉन्सलांनी ऐकलं नाही. त्याच किनाऱ्यावर कामारिनाजवळ वादळात 364 पैकी 80 जहाजं उरली. तीन महिन्यांत 220 नवी बांधली, इ.स.पू. 253 मध्ये त्या आरमारातली 150 हून अधिक पुन्हा वादळात गेली. सेनापती दरवर्षी बदलणार, मग समुद्र शिकणार कधी?

इ.स.पू. 249 मध्ये सिसिलीतल्या द्रेपाना बंदराला रोमन कॉन्सल क्लॉडिअस पुल्करने शकुनाच्या कोंबड्या दाणे टिपेनात म्हणून समुद्रात फेकल्या, असं सांगतात. खरी चूक कोंबड्यांची नव्हती: बंदराच्या अरुंद तोंडात आत जाणारी आणि मागे वळणारी जहाजं एकमेकांवर आपटली. 93 जहाजं कार्थेजच्या हाती लागली. वरच्या कोड्याचा बहुधा हाच उलगडा: एगादीला बुडालेली बरीच जहाजं रोमनेच बांधलेली, कार्थेजने पकडून वापरलेली असावीत.

खजिना आटला होता. शेवटचं 200 जहाजांचं आरमार श्रीमंत नागरिकांनी उधारीवर उभं केलं. एकाने किंवा दोघातिघांनी मिळून एक जहाज, पैसे विजयानंतर परत. यावेळी नमुना होता लिलिबेअमची (आजचं मार्साला, तेव्हा कार्थेजचं) रोमन नाकेबंदी वारंवार फोडणाऱ्या एका कार्थेजी कप्तानाचं पकडलेलं वेगवान जहाज. कॉन्सल कॅटुलसने वल्हवणाऱ्यांकडून रोज सराव करून घेतला आणि एगादीच्या लढाईच्या दिवशी जड सामान उतरवून ठेवलं. कार्थेजची जहाजं धान्याने भरलेली, लढवय्ये कमी. 50 बुडाली, 70 पकडली गेली.

पॉलिबियसच्या हिशेबाने या युद्धात रोमने सुमारे 700 क्विन्क्विरीम गमावल्या, कार्थेजने 500. कार्थेजने सिसिली सोडली आणि 3200 टॅलेंट (वजनाचं जुनं माप) चांदी भरपाई म्हणून कबूल केली. भाडोत्री सैन्याचा पगार थकला, त्यांनी बंड केलं. त्या गडबडीत रोमने सार्डिनियाही घेतलं आणि वर आणखी 1200 टॅलेंट मागितले. ही भरपाई काढायला कार्थेजचा सेनापती हॅमिल्कर स्पेनच्या चांदीकडे वळला. त्याचा मुलगा हॅनिबल तिथूनच आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. दुसऱ्या युद्धात झामाला हॅनिबलचा पराभव झाल्यानंतर कार्थेजला फक्त 10 ट्रायरीम ठेवायची मुभा होती आणि 10,000 टॅलेंट 50 वर्षांत फेडायचे होते. ते हप्ते संपल्यावर थोड्याच काळात, इ.स.पू. 149 मध्ये, रोमन सैन्य पुन्हा आफ्रिकेत उतरलं, आणि 146 मध्ये शहर जळालं.