काचेमागचं सोनं, काचेमागची चांदी: काम देण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

काचेवर सोनेरी किंवा आरशासारखी अक्षरं करून घ्यायला कुणी आलं, की पहिल्या भेटीतला बराच वेळ एकच गोष्ट समजावण्यात जातो. हे काम काचेच्या पाठीवर होतं. अक्षर पुढून दिसतं, पण सोनं, चांदी, रंग, व्हार्निश सगळं मागे असतं. पाऊस, धूळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात काच झेलते, म्हणून नीट केलेली पाटी कित्येक दशकं तशीच राहते.

मात्र त्यामुळे कामाचा क्रम उलटा होतो. साध्या फळ्यावर रंगारी आधी जमीन रंगवतो, मग अक्षर काढतो, आणि कुठे चुकलं तर वरून हात मारतो. इथे जे सगळ्यात आधी बसतं तेच कायम समोर दिसतं. मागून कितीही थर दिले तरी पुढची चूक झाकली जात नाही. एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ करायची म्हटली तरी अख्खं अक्षर खरवडून, काच पुन्हा धुऊन, पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून मजकूर कागदावर पूर्ण मापात लिहून आम्ही तुम्हाला दाखवतो आणि तुमची सही घेतल्याशिवाय काचेला हात लावत नाही. तो कागद घरी न्या, दोन दिवस भिंतीवर लावून ठेवा, आणखी एकदोघांना वाचायला सांगा.

लिहायचंही उलटं असतं. देवनागरी अक्षराचा जाड-बारीकपणा तिरक्या कापलेल्या बोरूतून आलेला आहे. अक्षर आरशातल्यासारखं फिरवलं की सवयीचा हात नेमका चुकीच्या जागी जाड होतो. त्यामुळे आम्ही डोळ्यांच्या भरवशावर उलटं लिहीत नाही. सुलट काढलेल्या कागदाला रेषांवरून बारीक टोचे मारतो, कागद पालथा घालतो आणि खडूच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून फिरवतो. ठिपक्यांच्या मागाने कुंचला जातो.

सोन्याचा वर्ख कसा बसतो

आम्ही 23 कॅरेटचा वर्ख वापरतो. त्यात शंभर भागांत जवळजवळ 96 भाग सोनं असतं. साधारण 8 सेंटिमीटर बाजूची चौकोनी पानं, एका पुस्तिकेत 25. पानाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. हे पान उजेडासमोर धरलं तर आरपार दिसतं, आणि पलीकडून येणारा उजेड सोनेरी नसतो, हिरवट-निळा असतो. कामाला आलेल्या प्रत्येकाला आम्ही हे एकदा दाखवतो, कारण आपण किती नाजूक वस्तू काचेवर ठेवतोय हे त्यातून जितकं कळतं तितकं बोलून कळत नाही.

इतक्या पातळ पानाला बोट लावलं तर ते बोटालाच चिकटतं. ते उचलायला खारीच्या केसांचा रुंद, चपटा कुंचला असतो. कारागीर तो आधी गालावरून हलकेच फिरवतो. कातडीचा किंचित तेलकटपणा केसांना लागतो आणि तेवढ्यावर पान उचललं जातं. काचेवर त्याआधी जिलेटिनचं पाणी भरपूर सोडलेलं असतं. हे पाणी म्हणजे अर्ध्या लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये औषधाच्या एकदोन रिकाम्या कॅप्सूल विरघळवलेल्या, बस्स. जिलेटिन जास्त झालं तर सोन्यावर दुधाळ सावट येतं, कमी झालं तर पुढच्या कामात सोनं निघून येतं. कुंचला काचेपासून थोडा दूर असतानाच पान पाण्याकडे झेपावतं आणि चिकटतं. त्या क्षणी ते सुरकुतलेलं, निस्तेज, ओल्या फडक्यासारखं दिसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, बिघडलं. पाणी ओघळून जातं, पान ताणलं जातं, आणि वाळता वाळता एका कडेपासून चकाकी चढत जाते. अर्ध्या तासाने त्यात आपला चेहरा दिसतो.

यात नशिबाचा भाग नाही, काचेच्या स्वच्छतेचा आहे. आमच्या सुरुवातीच्या एका कामात काच खडूच्या बारीक पुडीने घासून झाली होती, पण उचलताना कोपऱ्याला अंगठा लागला आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्ख वाळल्यावर तिथे अंगठ्याच्या सगळ्या रेषा सोन्यात उमटल्या. ते अक्षर आम्ही पुसलं आणि परत केलं. तेव्हापासून धुतलेली काच फक्त कडांनी धरायची, हा नियम आहे.

पहिला थर वाळला की सांध्यांत आणि कुठे कुठे बारीक फटी दिसतात, म्हणून सगळ्या अक्षरांवर दुसरा थर चढवतो. मधे गरम पाण्याने धुणं होतं. त्याने जास्तीचं जिलेटिन निघतं आणि सोनं अधिक उजळतं. मग कापसाने अगदी हलकं घासणं. त्यानंतर सोन्याच्या पाठीवर काळ्या रंगाने अक्षर काढायचं, ते पक्कं वाळू द्यायचं, आणि ओल्या कापसावर खडूची पूड घेऊन बाहेरचं सोनं पुसून टाकायचं. रंगाखालचं सोनं राहतं, बाकीचं जातं. इतका वेळ नुसता सोनेरी चौकोन असतो, आणि त्यातून स्वच्छ धारेचं अक्षर बाहेर येतं. बाह्यरेषा आणि सावली त्यानंतर. सगळ्यात शेवटी पारदर्शक व्हार्निश, आणि ते सोन्याच्या कडेच्या एकदोन मिलिमीटर पलीकडे काचेवर गेलेलं असलंच पाहिजे. पाणी शिरतं ते कडेतून. कडा बंद नसेल तर आतलं जिलेटिन ओलं होतं आणि सोनं सुटतं. आमच्या मते पाटीचं आयुष्य ठरतं ते या दोन मिलिमीटरांत.

पितळी वर्खही मिळतो. तो तांबं आणि जस्ताचा असतो. पहिल्या दिवशी पुढून फरक कळणार नाही, पण हवा आणि ओल लागली की तो काळवंडतो. थोड्या दिवसांच्या सजावटीला चालेल, कायमच्या दाराला आम्ही तो लावत नाही.

नुसतं चकचकीत हवं, असं म्हणण्याआधी

पाण्यावर बसवलेलं सोनं हा खरोखरचा आरसा असतो, आणि आरसा समोर जे आहे ते दाखवतो. समोर उजळ भिंत किंवा आकाश असेल तर अक्षर पेटल्यासारखं दिसतं. समोर काळोखा बोळ असेल, वर गडद छत असेल, तर तेच अक्षर काळपट होतं आणि लांबून वाचताच येत नाही. ‘सोनं काळं का दिसतंय?’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. सोनं ठीक असतं, ते अंधार दाखवत असतं.

यावर पिढ्यान्पिढ्या वापरलेला उपाय असा: अक्षराची फक्त कडा चकचकीत ठेवायची आणि पोटात मॅट सोनं भरायचं. मॅट भागासाठी जिलेटिनऐवजी तेलाचा चिकट थर किंवा व्हार्निश काचेवर देतात, तो बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकला की त्यावर वर्ख ठेवतात. काच आणि सोनं यांच्या मधे हा थर आल्यामुळे चकाकी मरते, पण रंग कुठल्याही कोनातून सोनेरीच राहतो. म्हणजे अक्षर वाचायचं काम पोट करतं आणि डोळा वेधायचं काम कडा करते. शिरोरेखेसारखी लांब आडवी पट्टी असली तर आम्ही हाच प्रकार सुचवतो, कारण अखंड चकचकीत पट्टीवर पानांचे सांधे सगळ्यात आधी नजरेत भरतात.

ठरवण्याआधी आम्ही छोटा नमुना घेऊन तुमच्या जागेवर दोनदा येतो, एकदा दिवसा, एकदा दिवे लागल्यावर. तेव्हा तुम्ही स्वतः रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पाहावं, असा आमचा आग्रह आहे.

चांदी: पारा न वापरता केलेला आरसा

जुना आरसा डागाळला की आपण ‘पारा उडाला’ म्हणतो. एके काळी ते अक्षरशः खरं होतं. कथलाच्या पातळ पत्र्यावर पारा ओतून, त्यावर काच दाबून आरसे करत, आणि पाऱ्याच्या वाफांनी कारागिरांचं आयुष्य नासत असे. 1835 मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पाहिलं की काही सेंद्रिय पदार्थ चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून शुद्ध चांदी काचेवर उतरवतात. 1856 मध्ये त्याने त्यातून आरसे करण्याची पद्धत बसवली. आपला पारा शब्दांत उरला, काचेवर मात्र चांदी आली.

आम्ही करतो ती पद्धत त्याच घराण्यातली. काच बारीक पॉलिश पुडीने घासतो, स्टॅनस क्लोराइड या कथलाच्या क्षाराच्या पातळ पाण्याने धुतो म्हणजे चांदीला बसायला जागा तयार होते, आणि डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा खळबळून घेतो. मग अमोनिया घातलेलं सिल्व्हर नायट्रेट आणि डेक्स्ट्रोज या साखरेचं द्रावण ओतायच्या क्षणी एकत्र करायचं. काचेवरचा द्रव आधी तपकिरी होतो, मग काळपट गढूळ, आणि त्या गढूळपणाखाली काच उजळत असते. काही मिनिटांत काम होतं. खोली गार असेल तर वेळ लागतो. नळाच्या पाण्याचा एक थेंब पडला तरी तिथे डाग राहतो, कारण त्यातल्या क्षारांशी चांदी लगेच संयोग पावते.

हे काम आम्ही तुमच्या जागेवर कधीही करत नाही. अमोनियातलं चांदीचं द्रावण साठवून ठेवलं तर त्यात हात लागताच स्फोट होईल असे पदार्थ तयार होऊ शकतात. म्हणून लागेल तेवढंच करायचं, उरलेलं त्याच वेळी निकामी करायचं, आणि हातमोजे-चष्मा घातल्याशिवाय त्या टेबलाजवळ जायचं नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की सोन्याची अक्षरं आधीच बसवलेल्या दाराच्या काचेवर जागेवर येऊन करता येतात, पण चांदीसाठी काच बसवण्याआधी आमच्याकडे यावी लागते. हे सुताराला वेळेवर सांगा.

चांदीचा शत्रू हवेतला गंधक. त्याने चांदीचं काळं सल्फाइड बनतं. डाग बहुधा कडेपासून आत सरकतो. सोन्याला ही भीती जवळजवळ नाही. म्हणून चांदीच्या अक्षरांवर पाठीचा रंग जास्त जाड आणि कडांची काळजी दुप्पट. दमट जागा असेल, काचेच्या आतल्या बाजूला पाणी धरत असेल, तर आम्ही चांदीऐवजी 12 कॅरेटचं पांढरं सोनं किंवा पॅलेडियम या पांढऱ्या धातूचा वर्ख सुचवतो. चमक चांदीइतकी पांढरीशुभ्र नसते, थोडी करडी असते. पण ती टिकते.

सोनंही द्रावणातून उतरवता येतं. त्यात वर्खाचे सांधे नसतात, आरसा एकसंध येतो. बारीक नक्षीला ते सुंदर दिसतं, मोठ्या पाट्यांना मात्र आम्हाला वर्खच आवडतो. जवळून पाहिलं की त्यात हात दिसतो.

ही कला नवी नाही. रोमन काळात दोन काचांच्या मधे सोन्याचा वर्ख ठेवून चित्रं करत. इटलीत चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने 1400 च्या सुमाराला अंड्याच्या पांढऱ्यावर वर्ख बसवून सुईने चित्र कोरायची रीत लिहून ठेवली. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या झाँ-बाप्तिस्त ग्लोमी या सजावटकाराच्या नावावरून तिला ‘एग्लोमिझे’ हे नाव पडलं.

सरसाने उपटलेली काच

हा प्रकार कमी जणांना माहीत असतो, म्हणून मुद्दाम लिहितो. वाळूच्या माऱ्याने खरखरीत केलेल्या काचेवर जनावराच्या कातडीपासून केलेला गरम सरस ओतायचा. वाळताना तो आक्रसतो, आणि आक्रसताना काचेचे बारीक कपचे ओढून काढतो, तडतड आवाज करत. मागे नेच्याच्या पानांसारखी नक्षी राहते. त्यावर सोनं बसवलं की प्रत्येक कपच्याचा कोन वेगळा उजेड पकडतो, त्यामुळे समोर अंधार असला तरी काहीतरी चमकत राहतंच. टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेल्या काचेवर आम्ही हे करत नाही. काच आधी साधी असते, नक्षी होते, मग पुढचं.

काच निवडताना एवढंच पाहा: साध्या काचेत लोहामुळे हिरवट झाक असते. सोन्याला ती बाधत नाही, चांदीला बाधते. चांदीसाठी कमी लोहाची काच घ्या.

पाटी बसल्यानंतर

पहिले तीन आठवडे मागच्या बाजूला काहीही लावू नका, रंग आतून पक्का व्हायला तेवढे दिवस जातात. त्यानंतरही पुढची बाजू हवी तशी पुसा, मागची मात्र फक्त मऊ, ओलसर फडक्याने, आणि अक्षरांवर न रगडता. अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा मागे मारू नका. आमच्या एका ग्राहकाकडे नव्या सफाई कामगाराने रोज हाच फवारा मारून चोळून अक्षरं ‘चमकवली’, आणि काही महिन्यांत कडा सुटल्या. त्याची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आता प्रत्येक पाटीबरोबर आम्ही एक छोटी चिठ्ठी देतो. ती सफाईचं सामान ठेवतात तिथे चिकटवा.

सूचनांचे कागद सेलोटेपने अक्षरांच्या पाठीवर लावू नका. टेप निघताना व्हार्निश आणि सोनं दोन्ही घेऊन निघते. जुने स्टिकर खरवडायला पातं वापरणार असाल तर अक्षरापासून चार बोटं लांब थांबा.

कधी ओरखडा दिसला, कडेला बारीक काळी रेघ किंवा फुगवटा दिसला, तर त्यावर घरचा रंग लावू नका. मागून आणि पुढून एकेक फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. बिघाड कडेपुरता असेल तर तेवढा भाग साफ करून वर्ख पुन्हा बसवता येतो आणि जोड बहुधा ओळखू येत नाही. चांदी आत काळी पडली असेल, तर काच उतरवून आमच्याकडे आणावी लागेल.